ठिपका, बोलूया का?

प्रिय अक्का,

धाकटीचा नमस्कार. वाकून करणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे, उरलेला भेटीत. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून भाडेकरूसारखा ठाण मांडून बसलाय? बाकी सगळ्यांची खुशाली मी विचारली असं तूच घरभर फिरून सांग, एकेकाचं नाव लिहीत बसले तर कागद इथेच संपेल. आम्ही बरे आहोत. म्हणजे आता बरे आहोत. मागच्या आठवड्यात विचारलं असतंस तर मी दार लावून घेतलं असतं.

आधी एक कामाचं. आठ दिवसांपूर्वी तुला पार्सल धाडलं, त्याची अजून पोच नाही. तुझा लोकरीचा कोट (अस्तर नवीन घातलंय, जुन्यात तुझी हरवलेली किल्ली निघाली, ती खिशात आहे) आणि भावजींची करडी पँट (कमरेत दोन बोटं सोडवली आहे, यापुढे सोडवायला कापड शिल्लक नाही, त्यांना तसं सांग). फोन तीनदा केला, तिन्ही वेळा वाजून वाजून थकला. म्हणून हे पत्र. पार्सल उघडलं नसशील तर पत्र शेवटपर्यंत वाचून मगच उघड. उघडलं असशील तर मग तर वाचच. का म्हणून विचारू नकोस, सांगायलाच बसले आहे, पण मला एका दमात मुद्द्यावर येता येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. शिकलेली माणसं लगेच मुद्द्यावर येतात म्हणे. आमच्या शिकलेल्या कन्येकडे बघून तसं काही वाटत नाही.

दुसरं नोकरीचं. भावजींनी आमच्या चिमीसाठी त्यांच्या खोक्यांच्या कारखान्यात जागा एक तारखेपर्यंत अडवून धरली आहे, हे मी विसरलेले नाही. मीच तुला मागच्या पत्रात गळ घातली होती, आणि तीही पोरीच्या नकळत. (ती जागा म्हणजे खोक्यांवर ‘ही बाजू वर’ लिहून शेजारी बाण काढायचा, एवढंच ना? मी तिला एकदा सहज विचारलं, बाण काढशील का गं? तर म्हणाली, किती तऱ्हेचे? मी म्हटलं, एकच, वर जाणारा. तिने ज्या नजरेने बघितलं ती अजून माझ्या पाठीत रुतली आहे.) उत्तर देणार आहे. पण आधी दिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. लहानपणी गोष्टीसुद्धा शेवटून वाचायचीस. तेव्हा शेवटचं पान आत्ता उलटू नकोस.

तर वर्षापूर्वी चिमीने साहेबांची नोकरी सोडली ते तुला ठाऊक आहे. दुकानाची पाटी कशी दिसावी, डब्यावर काय असावं, कुठलं अक्षर कसं वळावं, हे सगळं ती काढून द्यायची, आणि खाली साहेब स्वतःची सही ठोकायचे. एक दिवस तिने त्यांच्या सहीशेजारी आपली सही केली आणि घरी आली. म्हणाली, एक वर्ष मी स्वतःच्या नावावर काम करीन. वर्षभरात एकही परका माणूस आपण होऊन काम घेऊन आला नाही, तर तू सांगशील त्या खुर्चीत जाऊन गुपचूप बसेन. मी म्हटलं, लिहून दे. तिने लिहून दिलं, आणि तेही अशा देखण्या अक्षरात की मला पुढे भांडायचं सुचेना. तो कागद मी माझ्या शिलाई मशीनच्या वर भिंतीला टाचला. ते वर्ष या महिनाअखेर भरतं. अकरा महिने झाले तेव्हा परकी माणसं किती आली, तर भोपळा.

या काळात ती स्वस्थ बसली होती असं समजू नकोस. स्वस्थ बसली असती तर बरं झालं असतं. तिला फोनमध्ये एक सर भेटले. पांढरेशुभ्र दात, मागे एक कुंडी. ते शिकवतात की नुसतं काम चांगलं असून भागत नाही, माणसाने स्वतःचा ब्रँड उभा केला पाहिजे. रोज दिसलं पाहिजे. स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. आपण लहानपणी स्वतःची टिमकी वाजवली की आई पाठीत धपाटा घालायची. हे सर टिमकी कशी वाजवायची त्याचा वर्ग घेतात आणि वर प्रमाणपत्र देतात. आता चिमी कशी आहे तुला माहीत आहे, पाहुणे आले की मोरीत जाऊन बसणारी पोर. पण इरेला पेटली. सरांनी सांगितलं, खोटं काही दाखवू नका, तुमचं खरं घर दाखवा. म्हणून तिने आमच्या खऱ्या घरावर पांढरी चादर टांगली आणि चादरीपुढे एक वेगळं खरं घर मांडलं. त्यात एक टेबल, एक कप (रिकामा. मी चहा ओतला तर किंचाळली), एक कुंडी आणि माझी कात्री. ती कात्री मी सकाळपासून शोधत होते! दारात गिऱ्हाईक कोटाची बाही धरून उभं, आणि कात्री तिकडे फुलाशेजारी लोळून फोटो काढून घेतेय. मी उचलली तर म्हणते, आई, सावली हलली. मी म्हटलं, गिऱ्हाईकही हललं.

एका दुपारी ती नाचत सांगायला आली की माझ्या मागे दोनशे बारा जण आहेत. मी हातातलं काम टाकून आधी दाराला कडी घातली. मग कळलं की हे तसे मागे लागलेले नाहीत, फोनमधले आहेत. त्यातले चाळीस आपले नातेवाईक (तू नाहीस, तुझा फोन अजून बटणांचा), आणि उरलेले हिच्यासारखेच, आपापल्या चादरीपुढे बसून कुणी पाटी काढायला बोलावतं का याची वाट बघणारे. सगळे न्हावी जमून एकमेकांची दाढी करतायत, आणि रस्त्यावर केस वाढलेली माणसं हिंडतायत त्यांना पत्ताच नाही. हे मी बोलून दाखवलं. त्यावर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून बसलेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, आई, माझी पोच कमी पडते. मी म्हटलं, बाई गं, ते मी तू पाच वर्षांची असल्यापासून सांगतेय, शेजारच्या काकांना तोंडावर टकलू म्हणालीस तेव्हापासून! तर ती वेगळी पोच निघाली. आपण फोनमध्ये टाकलेलं किती जणांपर्यंत पोचतं, ती. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, मग ती वाढते कशाने? (तुझे मेहुणे वर्षातून दोनदा बोलतात आणि दोन्ही वेळा प्रश्नच विचारतात.)

आता नावाचं. धंद्याला तिने सुरुवातीला नाव ठेवलं होतं ‘ठिपका’. (हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. नीट लक्षात ठेव.) का, तर कुठलंही चित्र ठिपक्यापासून सुरू होतं म्हणे. तीन दिवस बसून तिने ती तीन अक्षरं हाताने काढली. ठ चं पोट गोल, त्यात मधोमध एक ठिपका, काजातून डोकावणाऱ्या गुंडीसारखा. मला अक्षरातलं कळत नाही, पण गुंडी नीट बसली की नाही ते कळतं, आणि ती बसली होती. सरांनी बघून सांगितलं, गावठी वाटतं, जगात चालायचं नाही. मग तिने एक परदेशी नाव घेतलं, त्यात स्वर औषधालाही नाही. उच्चारलं की समोरचा रुमाल पुढे करतो. आणि ठिपक्याचा कागद चुरगाळून टाकला. मी तो उचलून ठेवला. त्यात माया वगैरे काही नव्हती, कोरी पाठ असलेला कागद मी टाकत नाही, गिऱ्हाइकांची मापं लिहायला लागतात. त्या कागदाच्या पाठीवर गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या कमरेचं माप आहे. ते मास्तर पुढे येतील. (माप तर दर वर्षी पुढे येतंच.)

तर ब्रँड. अक्का, तीस वर्षं मी लोकांचे कपडे उलटे करून बघते आहे. चेन बदला, उंची कमी करा, पोट वाढलंय सोडवून द्या. मी दारावर कधी पाटी लावली नाही, तरी चेनवाल्या बाई म्हटलं की चार गल्ल्यांतलं कुणीही घर दाखवील. ब्रँड म्हणजे काय हे मला कुणी फोनमधून शिकवायला नको. ब्रँड म्हणजे मानेमागे शिवलेली, खाजणारी चिठ्ठी! ती असली की साधा सदराही नाक वर करून चालतो. आणि ही शहाणी अकरा महिने ब्रँड ब्रँड करत चादरीपुढे बसलीय, पण एक चिठ्ठी करून घ्यायचं हिला सुचू नये? मी कुणाला न सांगता तो ठिपक्याचा कागद घेतला आणि शाळेच्या गणवेशाच्या चिठ्ठ्या विणून देणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, दोनशेच्या खाली यंत्र लावत नाही. मी म्हटलं, लाव. म्हणाला, नावाखाली काय घालू? तेही मी उतरवून नेलं होतं. चिमी प्रत्येक फोटोखाली न चुकता दोन शब्द लिहिते, ‘बोलूया का?’, आणि पुढे धंद्याचा नंबर. (तो सरांनी वेगळा घ्यायला लावला, तुझ्याकडे नाही.) झाली चिठ्ठी. मऊ सुती पट्टी, त्यावर ‘ठिपका. बोलूया का?’ आणि खाली नंबर. इतकी गोजिरी दिसत होती की मी पहिली स्वतःच्याच बाहीला लावून बघितली.

मग काय, दुरुस्तीला येईल त्या प्रत्येक कपड्यात शिवत सुटले. शर्टाला मानेत, कोटाला आतल्या खिशावर, पँटला कमरेच्या पट्टीत मागच्या अंगाला. चारी कोपऱ्यांना लाल दोऱ्याचे तीन तीन टाके, माझ्या नेहमीच्या सवयीने. (तुझ्या शाळेच्या दप्तरालाही मी तसेच घातले होते आणि तू रडली होतीस, आठवतं?) तीन आठवड्यांत एकेचाळीस कपडे झाले. चिमीला म्हटलं गंमत मागाहून सांगू, आधी पोच वाढू दे.

आणि वाढली की! तिला परक्या माणसांचे फोन यायला लागले. पोरगी हरखली. पण फोन जरा विचित्र होते. एकाने विचारलं, तुमचं धुतल्यावर आटतं का? चिमी चक्रावली. तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, गिऱ्हाईक रूपकात बोलतंय, तुमचं काम काळाच्या ओघात टिकेल का असं विचारतंय, आत्मविश्वासाने उत्तर द्या. तिने परत फोन लावून सांगितलं, माझं काम कधीच आटत नाही. तो म्हणाला, मग मोठ्या मापाचे दोन पाठवा. पलीकडे मशीनवर मी मान खाली घालून शिवत होते. माझी मान इतकी खाली मी कधी घातली नव्हती.

मागच्या मंगळवारी आमचं ग्रहण लागलं. (तुझं पार्सल आदल्या दिवशीच गेलं होतं, हे ध्यानात ठेव.) त्या दिवशी चिमी फोनमध्ये थेट बोलणार होती. विषय ‘माझा प्रवास’. ही मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात नाही, प्रवास कसला, पण असो. चादर ताणून बांधली, कुंडी पुसली, मला सांगितलं मशीन चालवायचं नाही, ह्यांना सांगितलं खोकायचं नाही. अकरा जण बघत होते. मी चादरीमागे, तोंडात सहा टाचण्या धरून, मुख्याध्यापक बाईंच्या कोटाला काठ घालत होते. इतक्यात दार धाडकन उघडून मधवाल्या बाई आत. म्हणजे त्या गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची बायको. घरामागे मधमाश्यांच्या पेट्या ठेवून त्या मध विकतात, पण त्या दिवशी माश्या डोक्यात होत्या. हातात मास्तरांची पँट, इस्त्रीने अजून गरम. दारातूनच विचारलं, “ठिपका कोण?”

चिमीला वाटलं आपलं जुनं नाव लक्षात ठेवून कुणी भेटायला आलंय. तिचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! “अय्या, मीच ठिपका! तुम्हाला कसं कळलं?”

“नवऱ्याच्या कमरेवर लिहिलंय!”

सरांनी शिकवलेलं, काही झालं तरी हसू सोडायचं नाही. चिमीने सोडलं नाही. त्याने आगीत तेल पडलं. “वर हसतेस? बोलूया का म्हणतेस ना? बोल! मी आलेय बोलायला!” मी मधे पडायला गेले, पण तोंडात टाचण्या. नुसतंच उं उं करत मी स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवलं, की ही चिठ्ठी इथे मी शिवली, तर त्यांना वाटलं मीही त्यातलीच. त्या मागे सरकल्या, चादरीत पाय अडकला, आणि चादर दोरीसकट खाली. अकरा जणांना आमचं खरं घर दिसलं एकदाचं. एका दोरीवर उलटे टांगलेले नऊ शर्ट, मशीन, चिंध्यांचा ढीग, आणि खुर्चीत बनियनवर पेपर वाचणारे तुझे मेहुणे. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. उलटा.

मी टाचण्या थुंकल्या आणि आधी दोरीवरचा हवालदारांचा शर्ट ओढून त्यांच्या नाकापुढे धरला. मानेत ठिपका. मग सलूनवाल्याचा शर्ट. ठिपका. मधवाल्या बाईंनी डोळे फाडून चिमीकडे बघितलं. एका मास्तरांवर भागलं नाही हिचं, असं त्यांच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं. मुख्याध्यापक बाईंच्या कोटात निघाली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मटकन खाली बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, मी सकाळी ह्यांना विचारलं ही कोण, तर हे काहीच बोलले नाहीत, तिथेच मला खात्री पटली. आता मास्तर काय बोलणार? वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्या माणसाच्या जिभेवर ‘ब्रेक’ एवढा एकच शब्द उरलाय. “उपाशी आहेत सकाळपासून,” असं म्हणत बाई पँट घेऊन गेल्या, तशाच घाईघाईने.

त्या गेल्या आणि चिमीने फोन बंद केला. विचारलं, किती? मी म्हटलं, एकेचाळीस. म्हणाली, आई, मी एकेचाळीस लोकांच्या मानेला आणि कमरेला? मी म्हटलं, ब्रँड म्हणालीस ना तू! तिने आरडाओरडा केला असता तर मला चाललं असतं, मी त्यात तिच्यापेक्षा वरचढ आहे. पण ती उठली, भिंतीवरचा तो लिहून दिलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. “वर्ष भरलं असं समज. सांग कुठल्या खुर्चीत बसू.” आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

अक्का, मला हेच हवं होतं ना? याच्यासाठीच मी तुझ्या विनवण्या केल्या होत्या. फोन हातात घेतला, तुझं पहिलं बटणही दाबलं. पण तो कागद दुसऱ्या हातात होता. ‘स्वतःच्या नावावर’ हे शब्द तिने जरा मोठे काढले होते, ते तेव्हाच पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. फोन खाली ठेवला. म्हटलं, हिची वाट मी लावली, तेव्हा आधी मी घातलेले टाके मीच उसवते, मग बघू.

दोन दिवस दारोदार हिंडले. हातात टाके उसवायची सुई, तोंडात माफी. (माफी मला किती जड जाते तुला माहीत आहे. तिसऱ्या घरी गेले तेव्हा कुठे ती माफीसारखी ऐकू आली.) हवालदार म्हणाले, बरं झालं आलात. त्यांचा दुसरा शर्ट आधीच गेला होता, आणि त्यांच्या साहेबांनी मान बघून विचारलं होतं ठिपका कोण, तर त्यांनी चौकशी चालू आहे असं सांगितलं होतं. त्यांची उसवली. दातांचे डॉक्टर मात्र उसवू देईनात. त्यांच्या पांढऱ्या अंगरख्याला मी चिठ्ठी चुकून बाहेरून शिवली होती, छातीवर. म्हणाले, माझ्या खुर्चीत माणसं अर्धा अर्धा तास तोंड उघडून पडलेली असतात, त्यांना वाचायला तेवढंच आहे. परवा एकीने तोंडातून माझा हात काढल्याकाढल्या पहिला प्रश्न विचारला तो या अक्षराचा. मग हळूच म्हणाले, माझी बाहेरची पाटी पक्कड विकणाऱ्याची वाटते हो, हिला एकदा पाठवता का? मुख्याध्यापक बाईंनी उसवू दिली, पण चिठ्ठी परत मागून घेतली आणि पुस्तकात खुणेला घातली. बाकीचे बरेचसे म्हणाले, राहू द्या, खाजत नाही. पट्टी मी निवडली होती, खाजेल कशी? एकेचाळीसपैकी चाळीस कपडे धुंडाळले. सात उसवले. एक लांबचा राहिला, त्याचं पुढे बघते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय ओढत घरी आले तर माझ्या कापायच्या टेबलाशी मधवाल्या बाई बसलेल्या, समोर चिमी, मधे मधाची बरणी. म्हटलं, आता काय? तर बाई माझ्याकडे न बघताच सांगत होत्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी रागाने मास्तरांच्या पँटची चिठ्ठी कापून काढली. टाकायला गेल्या, टाकवेना. आरशाच्या फटीत खोचून ठेवली. मास्तर दोन दिवस बघत होते. शेवटी त्या माणसाने ‘ब्रेक’ सोडून पहिल्यांदा काही विचारलं, अजून राग गेला नाही का? बाई म्हणाल्या, राग कसला, अक्षर बघतेय. “पोरी, त्या ठ च्या पोटात गुंडी बसवलीस तशी माझ्या बरणीवर माशी बसवून देशील का? मी हाताने लिहिते तर लोक औषध समजून पुढे जातात.”

चिमीला कागद सापडेना. सगळे चांगले कागद चादरीच्या बाजूला ठेवलेले. मी कनवटीला तोच लिहून दिलेला कागद घेऊन फिरत होते. तो बाहेर काढला, तर तिने माझ्या हातातून ओढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तिथल्या तिथे ‘मध’ काढलं. म ला खाली गाठ असते ना, ती गाठच तिने माशी केली. दोन रेघांचे पंख. बाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. (सुलटा.) आणि मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला तिथे काम होतं. काय काम होतं ते विचारू नकोस.

परका माणूस आपण होऊन काम घेऊन आला. महिना भरायला आठ दिवस बाकी असताना. आता मधाच्या बरण्या, डॉक्टरांची पाटी, आणि मुख्याध्यापक बाईंनी शाळेच्या बिल्ल्याचं विचारलंय. परदेशी नाव काढून टाकलं, पुन्हा ठिपका लावलं. चादर धुऊन पलंगावर गेली. ती फोनमध्ये अजून टाकते काहीबाही, पण आता माझं मशीन, माझ्या चिंध्या, जे आहे ते दिसतं, आणि कात्री मला वेळेवर मिळते. मागे असलेले दोनशे बाराचे दोनशे नऊ झाले. तिघे कुठे गेले देव जाणे, ती म्हणते जाऊ देत. सरांचा निरोप आला की कपड्यांतून जाहिरात ही कल्पना अफलातून आहे, कुठल्या सल्लागाराची? चिमीने कळवलं, आमच्याकडे एक आहेत, चौथी पास, रागीट आहेत, बाहेरची कामं घेत नाहीत.

असो. बोट दुखायला लागलं, सुई धरून नाही दुखत तेवढं. चुकलं असेल तिथे ऱ्हस्व दीर्घ तू लावून घे. भावजींना नमस्कार, तोही उभ्याउभ्याच.

तुझी धाकटी

ता. क. नोकरीचं उत्तर राहिलं. भावजींना सांग, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. वर जाणारा बाण कुणीही काढील. आणि मी त्यासाठी तुम्हाला गळ घातली होती हे चिमीला कधी कळता कामा नये. तुला पोटात गोष्ट ठेवता येत नाही, म्हणून तुझी ती किल्ली कसल्या डब्याची आहे हे मीही भावजींना अजून सांगितलेलं नाही, एवढंच लिहिते.

आणखी एक. खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसले होते. एकेचाळिसावा कपडा म्हणजे भावजींची करडी पँट. (तुझा कोट चिठ्ठ्या यायच्या आधीच शिवून झाला होता.) कमरेच्या पट्टीत, मागच्या अंगाला बघ. चिठ्ठी मीच शिवली आहे, भावजींचा त्यात काही दोष नाही, त्यांच्यावर डोळे वटारू नकोस. खोटं वाटत असेल तर कोपरे बघ, लाल दोऱ्याचे तीन तीन टाके, तुझ्या दप्तरासारखे. आणि उसवली असशील तर परत शिव. भावजी कारखान्याच्या बैठकीत वाकून नकाशे बघतात म्हणाली होतीस ना? बघू देत. जरा जास्तच वाकू देत.

शेवटचं. पाकीट चिकटवतच होते तेवढ्यात चिमी बाहेर आली. म्हणाली, आई, धंद्याच्या नंबरवर एका बाईचा फोन आला होता. नाव सांगेना. आधी दोनदा खाकरली, मग विचारलं, वय काय गं तुझं, आणि लाज नाही वाटत का, आणि ठेवून दिला. चिमी म्हणते, मी मावशीचं खाकरणं झोपेतही ओळखीन. अक्का, सव्वीस वय आहे तिचं! जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला पहिली हातात तूच घेतली होतीस! भावजींना जेवायला वाढ आधी, आणि मग माझा फोन उचल. पार्सलची पोच हीच समजायची तर समजते. तुला पोच नाही असं मी म्हणत नाही, तू थोरली आहेस.